नैराश्याची (डिप्रेशनची) गोळी सोडल्यावर डोक्यात करंट मारतो, त्याबद्दल

मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, गरगरतं, विचित्र स्वप्नं पडतात, उगाच रडू येतं. गोळी बंद झाल्यावर दोन-चार दिवसांत हे सुरू झालं असेल, तर बहुधा औषध सुटल्याचाच त्रास आहे. मूळ आजार परतायला सहसा काही आठवडे लागतात, आणि त्यात असे झटके बसत नाहीत. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्यावरची औषधं शरीरातून लवकर उतरतात, म्हणून ती जास्त छळतात. फ्लुओक्सेटिन सावकाश उतरतं.

आजच डॉक्टरांना फोन कर. बरेचदा आधीचा डोस पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करतात. गंमत अशी, की शेवटचे काही मिलिग्रॅमच सगळ्यात जड जातात, कारण छोट्या डोसचाही मेंदूवर बराच परिणाम असतो. तिथे घाई नको. एक दिवसाआड गोळी घ्यायचा सल्ला कुणीही देईल; लवकर उतरणाऱ्या औषधांना तो चालत नाही. आणि सावकाश विरघळणारी गोळी मनाने तोडू नकोस.

रोज दोन ओळी लिहून ठेव: डोस, झोप, त्रास. डॉक्टरांसमोर नेमकं आठवत नाही, कुणालाच.

जीव द्यावासा वाटला तर मात्र थांबू नकोस, कुणाला तरी सोबत घेऊन तातडीने दवाखान्यात जा.