सारसबागेचं तळं: साताऱ्याहून एका दिवसात

ताई, तुमचा प्रश्न असा की गुडघे दुखणाऱ्या आईला आणि आठ वर्षांच्या लेकाला घेऊन साताऱ्याहून एका दिवसात सारसबाग बघून यायचंय, पण पुण्यातल्या जाऊबाईंनी 'तिथं कसलं ऐतिहासिक तळं, देवळाभोवती नुसतं डबकं आहे' म्हणून बेतावर पाणी फिरवलंय. नोकरीपायी बरीच वर्षं सातारा-स्वारगेट केलंय आणि बसला वेळ असला की सारसबागेत जाऊन बसायची सवय होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाऊबाई अगदीच चूक नाहीत. आपल्याकडच्या मंगळवार तळ्यासारखं दगडी काठांचं भरलेलं तळं डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर हिरमोड होईल. आज दिसतं ते देवळाच्या उंचवट्याभोवतीचं शोभेचं पाणी, त्यात कमळं आणि मासे. मूळ तळं त्याच्या कितीतरी पट मोठं होतं, आणि लोक ज्या हिरवळीवर सतरंजी टाकून भेळ खातात ती हिरवळ म्हणजे त्या तळ्याचा तळ. एवढं माहीत असलं की बागेत बघण्यासारखं खूप आहे.

नानासाहेब पेशव्यांनी, म्हणजे ज्यांना 1740 साली आपल्याच शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रं दिली त्यांनी, 1750 च्या सुमारास पर्वतीच्या पायथ्याशी हे तळं करवून घेतलं. पाणी आंबिल ओढ्याचं. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघून तेव्हा थेट पुण्याच्या वस्तीतून वाहायचा. पर्वतीजवळ बांध घालून त्याची वाट पश्चिमेकडे वळवली आणि बांधाआड पाणी साठवलं. खोदताना मधोमध साधारण पंचवीस हजार चौरस फुटांचं बेट राखलं, त्यावर बाग केली, तीच सारसबाग. नानासाहेब तिथं नावेतून फिरत मसलती करायचे आणि वल्हवायला मराठी न कळणारे हबशी ठेवलेले असायचे, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण लेकाला हे नक्की सांगा, पोरांना असलं आवडतं.

बेटावरचं सिद्धिविनायकाचं देऊळ 1784 चं, सवाई माधवरावांच्या नावावर. त्या वेळी ते दहा वर्षांचे होते, तेव्हा कारभार नाना फडणवीस बघत होते हे वेगळं सांगायला नको. चहूबाजूंनी पाणी म्हणून 'तळ्यातला गणपती'. जुने पुणेकर अजून तेच म्हणतात. पुढे तळं गाळानं भरत गेलं आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस महापालिकेनं तिथं आजची पंचवीसेक एकरांची बाग केली. तळं बुजवलं म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र वाटतं, तळं राहिलं असतं तर आतापर्यंत त्याच्या काठानं इमारती उठल्या असत्या. बाग झाली म्हणून निदान मोकळी जागा तरी उरली.

आता साताऱ्याहून जाणाऱ्यालाच जमेल अशी गोष्ट. खंबाटकी, शिरवळ, खेड शिवापूर करत कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलात की तुम्ही त्याच पाण्याच्या खोऱ्यात उतरता. कात्रजला एकाखाली एक असे दोन पेशवेकालीन तलाव आहेत. वरच्यात गाळ बसतो आणि खालच्यात निवळ पाणी येतं. तिथून पुढं सातारा रोडनं स्वारगेटपर्यंत बस आणि आंबिल ओढा साधारण एकाच दिशेनं उतरतात. एक घोळ मात्र करू नका, पुष्कळ लोक करतात. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधून काढलेला नळ गेलाय, तो वेगळा. त्यावर जागोजागी हवेसाठी उच्छ्वास होते, काळ्या हौदासारख्या हौदांत पाणी पडायचं आणि वाड्यातलं हजारी कारंजं त्याच पाण्यावर उडायचं. पर्वतीचं तळं भरायचं ते उघड्या ओढ्यानं. पाणी दोन्हीकडे निव्वळ उतारानं जायचं. कासचं पाणी आपल्या गावात कसं येतं हे ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. त्याच ओढ्यानं 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात किती घरं आणि माणसं नेली ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल. अडीचशे वर्षांपूर्वी वळवलेला म्हणून त्यानं जोर सोडलेला नाही.

बस सकाळची पहिली-दुसरी धरा, म्हणजे नऊच्या आसपास स्वारगेटला उतराल. तिथून बाग पायी दहा-बारा मिनिटांवर आहे, आईसाठी रिक्षा करा. सकाळचा आग्रह एवढ्यासाठी की तळ्यातली कमळं (खरं तर बरीचशी कुमुदिनीच) सकाळी उमललेली असतात आणि दुपार झाली की मिटायला लागतात. संध्याकाळी गेलेल्या माणसाला पानं आणि मिटलेल्या कळ्याच दिसतात, आणि मग तो डबकं म्हणतो. कठड्याशी दोन मिनिटं नुसतं उभं राहा. मासे माणसाच्या सावलीला सरावलेत, पळण्याऐवजी तोंड वर काढून गोळा होतात. एखादं पान मधूनच थरथरलं तर समजा, खालून कुणीतरी त्याच्या कडेला तोंड लावतंय. पाव, चुरमुरे टाकू नका. न खाल्लेलं पाण्यातच कुजतं आणि माशांचाच प्राणवायू जातो. लेक हट्ट करेल, पण नाही म्हणा.

देवळाला पायऱ्या आहेत, पण बेताच्या. आई थांबत थांबत चढतील. मूर्ती लहान, पांढऱ्या संगमरवराची, उजव्या सोंडेची. थंडीत गेलात तर बाप्पाला स्वेटर आणि कानटोपी घातलेली दिसेल, दर वर्षी घालतात. देवळाशेजारी गणेशमूर्तींचं छोटं संग्रहालय आहे, तेही बघा. मंगळवार, संकष्टी आणि रविवार संध्याकाळ टाळा. अंगारकीला तर आईंना घेऊन अजिबात नको.

पर्वतीला 103 पायऱ्या आहेत. आईंना त्या झेपणार नाहीत. त्यांना बागेत सावलीच्या बाकावर बसवा, पाण्याची बाटली द्या आणि तुम्ही लेकाला घेऊन वर जाऊन या. वरून खाली बघितलं की घरांच्या दाटीत एक हिरवा तुकडा दिसतो, तळं कुठं होतं याचा अंदाज तिथूनच येतो. नानासाहेब 1761 साली, पानिपतानंतर, याच टेकडीवर वारले. लेक मोठा झाला की त्याला इतिहासाच्या पुस्तकात हे भेटेलच.

खाली आल्यावर शेजारच्या पेशवे पार्कात फुलराणी ही पोरांची छोटी आगगाडी आहे. तिथं पोरगं रमेल, मात्र 'वाघ-सिंह कुठायत' म्हणून विचारेल. प्राणी कधीच कात्रजला हलवलेत. बाहेर चौपाटीवर पावभाजी-भेळ मिळते. मला ती महाग आणि तेलकट वाटते, त्यापेक्षा घरून दशम्या न्या. परतीला रविवार असेल तर चारच्या आत स्वारगेट गाठा, त्यानंतर साताऱ्याच्या विनाथांब्याची रांग बघून आईच काय तुम्हीही खाली बसाल. आणि जाऊबाईंकडे जाणार असालच तर कंदी पेढे न्यायला विसरू नका, डबक्याचा विषय आपोआप मिटेल.