मामांची कॅसेट आणि फोनवरची गाणी
(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे)

प्रश्न : माझे मामा 1980 च्या दशकात तेव्हाच्या औरंगाबादेत अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होते. वसतिगृहातील एका मित्राकडे लंडनहून आलेली व्हाइटस्नेक या बँडची ‘स्लाइड इट इन’ ही एलपी होती आणि मामांनी ती एका कोऱ्या कॅसेटवर भरून घेतली होती. मामा गेले, तेव्हा मामींनी ती कॅसेट आणि मामांचा डेक माझ्या स्वाधीन केला. मी कॅसेट दोनदा मन लावून ऐकली आणि नंतर तोच अल्बम फोनवर लावला, तर मला धक्काच बसला. गाण्यांचा क्रम निराळा, गिटारचे काही तुकडे निराळे आणि एकंदर आवाजही फार उजळ. मामांच्या कॅसेटवर ‘गॅम्बलर’ हे पहिले गाणे आहे आणि ‘लव्ह एन्ट नो स्ट्रेंजर’ संपल्यावर एलपीवरची सुई उचलल्याचा ‘टक’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. कॅसेट खराब झाली आहे, की मित्राची एलपीच नकली होती?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दोन्हीपैकी काहीही नाही, आणि तुम्ही ऐकलेला तो ‘टक’ याचा चांगला पुरावा आहे. हा अल्बम 1984 मध्ये दोन वेगळ्या मिक्समध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये तो जानेवारीत लिबर्टी या कंपनीने आणला आणि अमेरिकेत एप्रिलमध्ये गेफेन या कंपनीने. ब्रिटिश एलपीची पहिली बाजू ‘गॅम्बलर’ने सुरू होऊन ‘लव्ह एन्ट नो स्ट्रेंजर’ने संपते आणि दुसरी बाजू ‘स्लो अॅन ईझी’ने उघडते. अमेरिकी एलपीवर पहिल्याच स्थानी ‘स्लाइड इट इन’ आहे, ‘लव्ह एन्ट नो स्ट्रेंजर’ तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि ‘गॅम्बलर’ पाचव्या क्रमांकावर गेलेले आहे. मामांच्या मित्राने सुई नेमकी ज्या गाण्यानंतर उचलली, ती जागा ब्रिटिश एलपीचीच आहे. फोनवर तुम्हाला अमेरिकी क्रम मिळाला, म्हणजे तुम्ही दोन निरनिराळी ध्वनिमुद्रणे ऐकलीत.

असे का झाले, ते थोडे सविस्तर सांगणे योग्य ठरेल. त्या काळी स्टुडिओत ड्रम, बास, गिटार, कीबोर्ड आणि आवाज हे सगळे एका रुंद टेपवर स्वतंत्र मार्गांवर भरले जात, आणि साधारणपणे अशा 24 मार्गांतून शेवटी डावा आणि उजवा असे दोनच मार्ग तयार केले जात. या शेवटच्या कामाला मिक्स म्हणतात. ड्रम किती पुढे ठेवायचा, गिटार कोणत्या बाजूला बसवायची, आवाजाला किती घुमारा द्यायचा, हे सगळे तिथे ठरते. या अल्बमचे मुख्य ध्वनिमुद्रण 1983 मध्ये म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत झाले आणि ब्रिटिश आवृत्तीचे काम मार्टिन बर्च यांच्या हातून पूर्ण झाले. डीप पर्पल आणि आयर्न मेडन या रॉक बँडच्या ध्वनिमुद्रणांमुळे बर्च यांचे नाव मोठे होते. मात्र गेफेनकडील जॉन कलोडनर यांना तो आवाज अमेरिकी रेडिओसाठी पुरेसा धारदार वाटला नाही, म्हणून तिकडची आवृत्ती कीथ ओल्सन यांच्याकडे नव्याने मिक्स करण्यासाठी सोपवण्यात आली.

तेवढ्यावर ते थांबले असते, तर तुम्हाला फक्त उजळपणाचा फरक जाणवला असता. तोवर बँडमध्येच माणसे बदलली होती. गिटारवादक मिकी मूडी बाहेर पडले होते आणि त्यांच्या जागी थिन लिझीच्या ‘थंडर अँड लाइटनिंग’ या 1983 च्या अल्बममध्ये वाजवलेले जॉन साइक्स आले होते. बासवर कॉलिन हॉजकिन्सन यांच्या जागी नील मरे परत आले होते. अमेरिकी मिक्ससाठी साइक्स यांची गिटार आणि मरे यांचा बास नव्याने भरण्यात आला, आणि बिल कुओमो यांचे काही कीबोर्डही जोडण्यात आले. मेल गॅली यांची गिटार आणि कोझी पॉवेल यांचे ड्रम मात्र मूळ ध्वनिमुद्रणातलेच राहिले. म्हणून तुम्हाला गिटारचे तुकडे वेगळे वाटले, ते कानाचा भास म्हणून नाही. ते खरोखर दुसऱ्या माणसाने वाजवलेले आहेत.

आता कॅसेटच्या दबलेल्या आवाजाबद्दल. त्यातला काही भाग ब्रिटिश मिक्सचा आहे, पण सगळा नाही, आणि हे दोन भाग वेगळे काढता येतात. डेकचे हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, टेपच्या प्रवासाशी अगदी काटकोनात नसेल, तर वरचा आवाज, म्हणजे झांजांची चमक आणि ‘स’, ‘श’ या अक्षरांची धार, आधी जाते. आमच्या स्वतःच्या डेकवर हा दोष कित्येक वर्षे होता आणि आम्ही कॅसेटांनाच दोष देत राहिलो होतो. हेडच्या ज्या बाजूच्या स्क्रूखाली बारीक स्प्रिंग असते, तो स्क्रू गाणे चालू ठेवून अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवा. वरचा आवाज एका जागी अचानक उघडतो, तिथेच थांबा. डेकला मोनोचे, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करणारे, बटण असेल, तर ते दाबून हे काम करा, कारण मोनोत ही जागा फार स्पष्ट कळते. आधी स्क्रूच्या माथ्यावर पेनने एक खूण करून ठेवली, तर हात चुकला तरी मूळ जागी परत येता येईल.

डेकचा रबरी पट्टा सैल झाला असेल, तर वेग कमी पडतो, आणि ते ओळखण्याची सोय या अल्बमनेच करून ठेवली आहे. ड्रम दोन्ही आवृत्त्यांत एकच असल्यामुळे एखाद्या कडव्यातल्या दोन ठळक ठोक्यांमधला वेळ दोन्हीकडे सारखाच यायला हवा. फोनवर 60 सेकंद भरणारा भाग कॅसेटवर जवळपास 62 सेकंद घेत असेल, तर डेक सुमारे 3 टक्के मागे आहे. घरी पेटी असेल, तर हाच फरक स्वरावरही तपासता येतो : लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये साधारण 6 टक्क्यांचे अंतर असते, म्हणजे 3 टक्क्यांनी गाणे अर्धी पट्टी उतरलेले ऐकू येते.

प्रश्न : मग या दोन मिक्समधला खरा अल्बम कोणता मानायचा?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी प्रसिद्ध झाला तो ब्रिटिश, आणि जगभर जास्त पोहोचला तो अमेरिकी, पण यातून खरेखोट्याचा निवाडा होतो असे आम्हांला वाटत नाही. भजनी मंडळात पखवाजवर बसणारा बदलला की अभंग तोच राहतो, पण त्याची चाल वेगळी अंगावर येते. ती ऐकून आपण एकाला असली आणि दुसऱ्याला नकली म्हणत नाही. हे दोन मिक्स तसे ऐकावेत, अशी आमची विनंती आहे.

पसंती विचारली, तर ती मात्र आम्ही सांगतो. ‘लव्ह एन्ट नो स्ट्रेंजर’ आम्हांला अमेरिकी मिक्समध्ये अधिक भावते. कीबोर्ड आणि डेव्हिड कव्हरडेल यांचा हळुवार आवाज यांनी गाणे सुरू होते आणि मग गिटार कोसळतात; तो कोसळण्याचा क्षण ओल्सन यांनी असा रुंद केला आहे की खोलीच्या भिंती मागे सरकल्यासारख्या वाटतात. परंतु अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकायचा असेल, तर आम्ही ब्रिटिश मिक्स लावतो. त्यात ब्लूजची ऊब शिल्लक आहे, वादक एकाच खोलीत एकमेकांचे ऐकून वाजवत असल्यासारखे वाटतात, आणि याच सुमारास डीप पर्पलच्या पुनर्मीलनासाठी बँड सोडणाऱ्या जॉन लॉर्ड यांचे ऑर्गन गिटारच्या भिंतीआड झाकले जात नाही. शिवाय ‘गॅम्बलर’ने दार उघडणारा अल्बम आणि ‘स्लाइड इट इन’ने दार उघडणारा अल्बम यांचा मूडच वेगळा होतो, हे क्रम बदलून ऐकल्यावर लगेच कळते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र दर रविवारी एकत्र बसून गाणी ऐकतो. या अल्बमचे दोन्ही मिक्स आम्ही लावून पाहिले आणि चौघांनीही अमेरिकी मिक्सला मत दिले. हा निकाल ग्राह्य धरावा का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तुमच्या कानांवर आमचा विश्वास आहे, पण रीत तपासल्याशिवाय निकाल धरू नये. दोन ध्वनिमुद्रणांपैकी एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठ्याने वाजत असेल, अगदी 1 डेसिबलने, तर बहुतेक ऐकणारे ‘हा मोठा आहे’ असे म्हणत नाहीत, ‘हा चांगला आहे’ असे म्हणतात. याचे कारण आपल्या कानाच्या घडणीत आहे. आवाज लहान असताना कानाला खर्जाचे आणि अतितारेचे स्वर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते भरून निघतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवले होते. म्हणजे पातळी जुळवलेली नसेल, तर चौघांचे मत मिक्सपेक्षा आवाजाच्या बटणावरच जास्त बेतलेले असण्याची शक्यता आहे. त्यातच नंतर निघालेल्या सीडींवर आणि फोनवरच्या आवृत्त्यांवर मास्टरिंग करताना आवाज बराच वर चढवलेला असतो, आणि मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवर प्रसिद्धीपूर्वी फिरवलेला शेवटचा हात, हे मिक्सनंतरचे, सर्वस्वी वेगळे काम आहे. जुनी ब्रिटिश एलपी आणि नवी अमेरिकी डिजिटल आवृत्ती समोरासमोर ठेवली, तर ती मिक्सची तुलना उरतच नाही.

पुढच्या रविवारी असे करा. फोनवर आवाजाची पातळी दाखवणारे एखादे अॅप घ्या, तो फोन बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवा आणि एकाच गाण्यातले एकच कडवे दोन्ही मिक्समधून वाजवून सरासरी पातळी जुळवा. सबंध गाणे लावू नका. पाच मिनिटांनंतर पहिले काय ऐकले होते ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. वीस-तीस सेकंदांचा तुकडा पुरतो. एकाने पाठमोरे बसून मिक्स बदलावे, कोणता चालू आहे ते उरलेल्या तिघांना सांगू नये, आणि तिघांनी एकमेकांकडे न पाहता कागदावर लिहावे. एका वेळी एकाच वाद्यामागे जा. ‘स्लो अॅन ईझी’त ड्रम धरा, कारण वाजवणारा एकच असल्यामुळे तिथे जो फरक ऐकू येतो, तो निव्वळ मिक्सचा असतो. मग बास धरा. तिथे माणूसही वेगळा आहे. आणखी एक सुचवतो : उन्हाळ्यात हे करत असाल, तर पंखा आणि कूलर तेवढा वेळ बंद ठेवा. कूलरची घरघर खर्जाला गिळते, आणि बासवर दिलेले मत कूलरवर दिलेले मत होते.

हे सगळे करूनही चौघांनी अमेरिकी मिक्सलाच मत दिले, तर ते मत आम्ही आनंदाने मान्य करू, आणि तुम्ही ते आम्हांला जरूर कळवा.

प्रश्न : दुसऱ्या कोणत्या हार्ड रॉक अल्बमच्या बाबतीत असे झाले आहे?
— एक वाचक, जालना

उत्तर : एसी/डीसी या बँडकडे पाहावे, पण जरा सावधपणे. त्यांच्या ‘डर्टी डीड्स डन डर्ट चीप’ या अल्बमच्या 1976 मधील ऑस्ट्रेलियातील आणि इतर देशांतील आवृत्त्यांत गाणीच वेगवेगळी आहेत, आणि अमेरिकेत तर तो थेट 1981 मध्ये आला. मिक्सच्या फरकापेक्षा हा गाण्यांच्या निवडीचा फरक आहे. ‘पॉवरेज’ या 1978 च्या अल्बमच्या ब्रिटनमधील सुरुवातीच्या एलपी मात्र तुमच्या प्रश्नात बसतात : त्यांत ‘कोल्ड हार्टेड मॅन’ हे जास्तीचे गाणे आहे आणि इतर गाण्यांचे मिक्सही वेगळे आहेत.

प्रश्न : ‘स्लाइड इट इन’चा ब्रिटिश मिक्स आज विकत मिळतो का? आणि परभणीच्या वाचकांना पडला तसा घोटाळा टाळण्यासाठी वेष्टनावर काय पाहावे?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : मिळतो. अल्बमला 35 वर्षे झाली, तेव्हा 2019 मध्ये अनेक डिस्कांचा एक संच निघाला. त्यात ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही मिक्स आहेत आणि त्या वेळी नव्याने केलेला तिसरा मिक्सही आहे. एकेकट्या सीडीवर किंवा फोनवर आवृत्तीचे नाव पुष्कळदा दिलेले नसते. अशा वेळी वेष्टनावरचे वर्ष पाहून फसू नका, कारण दोन्हींचे वर्ष 1984 हेच आहे. पहिले गाणे पाहा. ‘गॅम्बलर’ असेल, तर क्रम ब्रिटिश. ‘स्लाइड इट इन’ असेल, तर अमेरिकी. नंतरच्या काही आवृत्त्यांत एका मिक्सच्या मागे दुसऱ्या मिक्समधली काही गाणी जास्तीची म्हणून जोडलेली असतात, तेव्हा यादी शेवटपर्यंत वाचावी.

परभणीच्या वाचकांसाठी एक गोष्ट राहिली. बाजारात हा मिक्स मिळतो म्हणून मामांची कॅसेट बाजूला टाकू नका. मार्चअखेरच्या आत, ऊन तापण्यापूर्वी, हेडचा स्क्रू आणि वेग दुरुस्त करून ती एकदा संगणकावर उतरवून घ्या. उतरवताना खरखर कमी करणारी कोणतीही सोय चालू ठेवू नका, कारण ती खरखरीबरोबर झांजाही पुसून टाकते. आणि पहिल्या बाजूच्या शेवटचा तो ‘टक’ कापू नका.