मॅडम, नक्की कोणाचं खरं मानायचं?

मी समुपदेशक, आणि हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने मोबाईलवर रिपोर्टची पीडीएफ उघडली की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. म्हणून एकीची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

चाळिशीतली, बँकेत नोकरी. त्रास काहीच नाही, पण ऑफर होती म्हणून फुल बॉडी चेकअप केलं आणि साठेक आकड्यांपैकी चार लाल आले. त्यातला एक सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारा रक्तातला आकडा, मर्यादा ३५, हिचा ४६. लॅबचा लगेच फोन, पुढचं पॅकेज घेऊन टाका. मग रात्री दोनपर्यंत गुगल, नणंदेने व्हॉट्सॲपवर पाठवलेला काढा, आणि नवरा म्हणतोय सगळे लुटारू, कट प्रॅक्टिस चालते, पेशंट पाठवायचं कमिशन खातात, कुणाकडेच जाऊ नकोस.

दोन सेशन ती नुसता रिपोर्ट वाचून दाखवत होती. मी डॉक्टर नाही हे तीनदा सांगून झालं. मग होमवर्क दिला, जे वाचाल त्याच्या अगदी खाली काय लिहिलंय तेवढंच वहीत उतरवा.

वही घेऊन आली. अकरा पानं वाचलेली, त्यातल्या नऊंच्या खाली 'अपॉइंटमेंट बुक करा' नाहीतर 'आत्ताच ऑर्डर करा'. वाचता वाचता थांबली आणि हसायलाच लागली. "अहो मॅडम, हे तर मी रोज करते! विम्याचं टार्गेट असतं ना आम्हाला. आधी विचारायचं, उद्या तुम्हाला काही झालं तर मुलांचं काय? समोरचा गप्प झाला की फॉर्म पुढे सरकवायचा."

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत एवढं तरी जमायला लागलंय, योग्य वेळी गप्प बसणं.

मग विचारलं, "तुमच्या सख्ख्या बहिणीला पॉलिसी घ्यायची असेल तर कुणाकडे पाठवता?"

"आमचे एक रिटायर्ड मॅनेजर आहेत, त्यांच्याकडे. त्यांना आता कमिशन नाही ना."

उत्तर तिच्याकडेच होतं, मी फक्त वही दिली. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर वाढलेली, त्यामुळे मला दिसतं ते असं की माणसाला माहिती कमी पडत नाही, त्याला शंभर टक्के खात्रीच हवी असते आणि बाजार नेमकी तीच पॅकेजमध्ये घालून विकतो. बऱ्याच टेस्टची नॉर्मल रेंज निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात, म्हणजे ठणठणीत माणसाचेही साठात दोन-तीन आकडे सहज लाल येऊ शकतात! हे पॅकेज विकताना कोण सांगतं?

ती जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पहिलंच विचारलं, रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का? होती. पाळीत हा आकडा वाढू शकतो, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली कॅन्सर नसलेली गाठ, असला तरी वाढू शकतो. त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, सोनोग्राफीत छोटा फायब्रॉइड निघाला, लक्ष ठेवायचं ठरलं.

तर कुठलाही सल्ला आला की आधी बघा, मी हो म्हटलं तर पैसे कुणाला मिळणार. डॉक्टरांना सरळ विचारा, ही टेस्ट वाईट आली तर आपण वेगळं काय करणार? चांगला डॉक्टर चिडत नाही. मोठं ऑपरेशन सांगितलं तर दुसरं मत अशाकडून घ्या जो ते ऑपरेशन स्वतः करणार नाही. वाचायचंच असेल तर कॉक्रेन या उपचारांवरचं संशोधन तपासणाऱ्या संस्थेचे सोप्या भाषेतले सारांश फुकट आहेत, ते औषध कंपन्यांचे पैसे घेत नाहीत. आणि रक्तस्राव, गाठ, कारण नसताना वजन उतरणं असं काही असेल तर हे सगळं सोडा, आधी डॉक्टर गाठा.

नवऱ्यालाही एकदा बोलावलं. त्यांना हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटचं उदाहरण दिलं, लाखाच्या वर विकले जाणारे स्टेंट २०१७ मध्ये सरकारने किमती बांधल्यावर तीसेक हजारांवर आले, म्हणजे लूट होतीच, पण म्हणून हार्ट अटॅकमध्ये स्टेंट खोटा ठरत नाही. ते मान डोलावून गेले, पटलं की नाही माहीत नाही.

मागच्या महिन्यात तिला लॅबचा परत फोन आला, ह्यावेळी जोडप्याला डिस्काउंट. तिने विचारलं, "तुझं टार्गेट किती राहिलंय गं?" पलीकडची मुलगी जरा थांबली आणि हळूच म्हणाली, "सात, मॅडम."