धुकं विरेपर्यंत थांब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. आपल्या बेळगावजवळ खानापूरच्या बाजूला धुक्याचा समुद्र, त्यातून वर आलेले डोंगरमाथे आणि पलीकडून उगवणारा सूर्य. चित्रण सुंदर आहे, हे मनापासून सांगतो. पण तिसऱ्यांदा पाहताना काळजात धस्स झालं. ड्रोन धुक्याच्या वर होता आणि तू धुक्याच्या खाली. म्हणजे तेवढा वेळ तुला ड्रोन दिसतच नव्हता, दिसत होता तो फक्त मोबाइलचा पडदा. ड्रोननं हरवलेली माणसं शोधायला मदत करणाऱ्या आपल्या गटात येऊन तुला चार महिने झाले. पावसाळ्यातलं तू शिकलास, हिवाळा अजून पाहिलेला नाहीस. म्हणून फोन न करता लिहायला बसलो.

वायुसेनेत मी विमानं उडवली नाहीत, त्यांची देखभाल केली. उड्डाणाआधी तपासणी करून सही करायची, हे माझं काम. त्या सहीची सवय अजून अंगात आहे आणि तीच तुझ्या हाती द्यायची आहे.

हिवाळ्याची सकाळ आपल्याला फसवते ती तिच्या शांतपणामुळे. वारा नाही, आभाळ स्वच्छ, मग उडवायला यापेक्षा चांगली वेळ कुठली, असं वाटतं. पण धुकं पडायलाही नेमकं हेच लागतं. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभेच्या काठची ओली शेतवड तिला दमटपणा पुरवते. आदल्या रात्री मोबाइलवर तापमानाबरोबर दवबिंदूही बघत जा, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान. दोन्हींत २-३ अंशांचंच अंतर उरलं असेल आणि वारा पडला असेल, तर सकाळी धुकं आहे असं धरून चाल. ऊन आलं की धुकं पळतं, यावरही विसंबू नकोस. पुष्कळदा पहिल्या उन्हानं जमिनीलगतची हवा हलते आणि धुकं आधी आणखी दाटतं, मग विरतं. सातला समोरचं झाड दिसत होतं म्हणून निघालेला माणूस साडेसातला अडकतो.

ड्रोनला अडथळे दिसतात ना, असं तू मागे म्हणाला होतास. आपल्याकडच्या ड्रोनचे ते डोळे म्हणजे छोटे कॅमेरेच की रे. धुक्यात तेही आंधळे होतात. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, तारा तर स्वच्छ उजेडातही त्यांना धड दिसत नाहीत. वर दमट हवेत पात्यांवर, मोटरीत, भिंगावर पाणी बसतं ते वेगळंच. गार ड्रोन थेट उबदार खोलीत नेऊन पेटी उघडू नकोस. पेटी बंदच ठेव, तासभर जाऊ दे, मग उघड.

आता बॅटरी. इथं माझ्या हातून घडलेलं सांगतो, आजवर गटात फारसं बोललो नाही. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत खानापूर तालुक्यातल्या एका वाडीतून फोन आला. म्हातारे आजोबा रात्रीपासून घरी नव्हते. मी पहाटे मोटारसायकलवर निघालो, बॅटऱ्यांची पिशवी मागे कॅरिअरला बांधलेली. तासभर गार वारा खात त्या आल्या. पोचलो तर आजोबांचा मुलगा माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही, नुसता माझ्या हातांकडे बघत होता. मी घाई केली. बॅटरी शंभर टक्के दाखवत होती, ड्रोन सरळ वर घेतला आणि जंगलाकडे वेगानं सोडला. सत्तर टक्क्यांवर असतानाच व्होल्टेज कोसळलं आणि ड्रोन आपोआप उतरायला लागला, तो झाडीत दिसेनासा झाला. मग काय झालं? आजोबांना शोधायला निघालेली चार पोरं तासभर माझं यंत्र शोधत राहिली. आजोबा पायी फिरणाऱ्या लोकांनाच सापडले, शेजारच्या वाडीतल्या गोठ्यात, सुखरूप. पण ते दरीत पडलेले असते तर तो एक तास कुणाचा होता, हे माझ्या मनातून जात नाही.

थंडीत लिथियम बॅटरीच्या आतली क्रिया मंदावते, रोध वाढतो. पडद्यावरचे टक्के भरपूर दिसतात, पण एकदम जोर मागितला की व्होल्टेज खाली बसतं. म्हणून बॅटऱ्या टोकं झाकून जाकिटाच्या आत ठेव, २० अंशांच्या आसपास उबदार असतील तरच लाव. उडवल्यावर माणसाच्या डोक्याच्या थोडं वर मिनिटभर नुसता तरंगत ठेव आणि व्होल्टेज बघ. एरवी तू ३० टक्क्यांवर परततोस, हिवाळ्यात ४० ला परत फीर. सुजलेली बॅटरी दिसली तर ती उडवण्याचा विचारही करू नकोस.

चिकोडी, रायबाग, अथणीकडे गेलास तर ऊसतोडीचा हंगाम ध्यानात ठेव. तोड झाली की पाचट पेटवतात. सकाळी गार हवेचा थर जमिनीलगत असतो, वर उबदार हवेचं झाकण. धूर त्याखालीच पसरतो आणि कोसभरावरचं काही दिसत नाही. दुपारी आगीवरची तापलेली हवा ड्रोनला हेलकावे देते. आणि आगीतून पळणारे किडे, उंदीर टिपायला घारी जमतात. घार ड्रोनवर झेपावते, तेव्हा ती चूक नसते, आकाश तिचं आहे. घारी घिरट्या घालताना दिसल्या तर उतरव. संक्रांतीच्या दिवसांत मांज्याचंही तसंच.

उंचीचा आकडा ड्रोन जिथून उडाला तिथून मोजला जातो, हे डोंगरात विसरू नकोस. टेकडीवरून सोडून दरीवर नेलास तर पडद्यावर ८० मीटर असताना खालची जमीन २०० मीटरवर असू शकते. दरीतून सोडलास तर समोरचा डोंगरच वर येतो. 'घरी परत'ची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप माघारी येताना ज्या उंचीवरून येतो ती, दर ठिकाणी नव्यानं लाव.

नियम तुला पाठ आहेत, तरी २०२१ च्या ड्रोन नियमांतला हिशेब पुन्हा सांगतो. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटर लाल पट्टा, म्हणजे मनाई, ५ ते ८ पिवळा, म्हणजे आधी परवानगी, ८ ते १२ मध्ये ६० मीटरपर्यंत, त्यापलीकडे हिरव्या पट्ट्यात १२० मीटर. पण आपलं गाव लष्करी छावणीचं आहे, तेव्हा दर वेळी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडूनच बघ. आपण सेवा करतो म्हणून यातून सूट मिळत नाही.

सगळ्यात अवघड भाग मात्र नकाशात नाही. घरचे लोक आशेनं बघत असताना 'आत्ता नाही' म्हणणं फार जड जातं. पैसे घेऊन उडवणाऱ्यापेक्षा आपल्याला ते जास्त जड जातं, कारण आपण आलोच मदतीला. हुक्केरीकडचे एक कन्नडिग शेतकरी मला पहाटे फोनवर दोनच शब्द सांगतात, 'मंजू बिद्दैती', म्हणजे धुकं पडलंय. तसंच तू सांग. धुकं आहे, थांबू या, तोवर मीही पायी शोधायला येतो. आणि गटात कुणीही, अगदी कालचं आलेलं पोर, 'नको' म्हणालं तर ड्रोन उडणार नाही. मी 'उडव' म्हणालो असलो तरी नाही.

शनिवारी पहाटे सहाला माझ्याकडे ये. तुझ्या सगळ्या बॅटऱ्या आण, रात्रभर अंगणात ठेवलेल्या दोन आणि घरात ठेवलेल्या दोन. माझा मीटर तयार ठेवतो. तुझी काकू चहा ठेवेल, स्वेटर घालून ये.

तुझा काका