अंगावर काटा फक्त भीतीनेच येतो का?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. 'ड्यून' या सिनेमाचा दुसरा भाग, म्हणजे १ मार्च २०२४ ला आपल्याकडे लागला तो, पाहून आल्यावर मित्रांमध्ये जो तो 'गूजबम्प्स आले, गूजबम्प्स आले' करत होता. ह्याने मराठीत लिहिलं की नायक पॉल सँडवर्मवर, म्हणजे वाळूतल्या अजस्र किड्यावर, उभा राहतो तेव्हा अंगावर काटा आला. तर एकाने लगेच दुरुस्ती केली, की काटा भीतीने येतो, शहारा थंडीने येतो आणि आनंदाने येतो तो रोमांच, तुला पिक्चर आवडलाय ना, मग काटा कसा येईल? हे खरं का, असं वाचक विचारतोय. शिवाय माइंडब्लोइंगला मराठीत काय म्हणावं हेही विचारलंय.

नाही, खरं नाही. अजिबात नाही. ही तीन खणांची वाटणी कुठून आली ते मला चांगलं माहितीये, शाळेतल्या वाक्प्रचारांच्या यादीतून. 'अंगावर काटा येणे – खूप भीती वाटणे', वाक्यात उपयोग करा, एक मार्क. पोरं ते पाठ करतात, पुढे मोठी होतात, मग भीमसेनांचा तोडी ऐकून कुणी 'काटा आला' म्हटलं की त्याला दुरुस्त करायला धावतात. दरवेळी हे ऐकलं की चिडचिड होते, कारण ज्याला दुरुस्त करतात तो बरोबर असतो आणि चुकीच्या दुरुस्तीने घाबरून बिचारा पुढच्या वेळी गूजबम्प्स लिहितो. असाच एकेक मराठी शब्द हातातून जातो.

पायात रुततो तो काटा, माशाचा, घड्याळाचा, तराजूचा, काटा काढणे वगैरे सगळं आपल्याला माहितीये, ते सोडून देऊ. अंगावरचा काटा मात्र नीट बघा, तो बहुधा एकवचनी असतो. केस हजारो उभे राहतात तरी आपण 'काटा आला' म्हणतो. 'काटे आले' असं काही याद्यांमध्ये छापलेलं असतं पण घरात बोलताना मी ते फारसं ऐकलेलं नाही. शहारे अनेक येतात, रोमांचही अनेक उठतात, पण काटा एकच. का बरं?

माझं म्हणणं असं आहे, आणि हे मी बरीच वर्षं सांगतोय, की हा बाभळीचा काटा नव्हेच, हा हलव्याचा काटा आहे. संक्रांतीचा तिळाचा हलवा घरी करताना ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल. मंद आचेवर परात, तिच्यात तीळ नाहीतर खसखस, वरून साखरेचा पाक अगदी थोडाथोडा घालायचा आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. आमच्या आत्या तासन्‌तास बसायच्या, बोटांची टोकं लाल व्हायची, आणि मग एकदम कुणीतरी म्हणायचं, 'काटा आला बघ!' पाक जास्त पडला तर काटा विरतो, हवा दमट असली तर धरतच नाही, थंडी कडक असली तर सुरेख फुलतो. क्रियापदं बघा आता. हलव्याला काटा येतो, काटा धरतो, काटा फुलतो. अंगावरही काटा येतो आणि फुलतो. पायात काटा कधी फुलतो का? पायात तो जातो, रुततो, मोडतो. म्हणजे हलव्यावरचा आणि अंगावरचा काटा हे एकाच अर्थाचे, गुळगुळीत पृष्ठभागावर उठलेला बारीक खरबरीतपणा, तो मोजायचा नसतो म्हणून एकवचनी. त्यात टोचणं नाही, दुखणं नाही, आणि म्हणून भीतीही मुळातच चिकटलेली नाही. भीती ही बाभळीचा काटा डोळ्यांपुढे ठेवणाऱ्यांनी मागून चिकटवली असावी.

यावर मला एकदा ऐकवलं गेलं की मग 'काटा उभा राहिला' का म्हणतात, तो तर साळिंदराचा काटा, आणि साळिंदर घाबरलं की काटे उभारतं. ठीक आहे, उभा राहिला असंही म्हणतात. पण साळिंदर काटे उभारतं ते समोरच्याला घाबरवायला, त्यामुळे हे उदाहरण तरी त्या बाजूच्या फार उपयोगाचं नाही. आणि काटा फुलण्याचं काय ते त्यांनी सांगितलं नाही ते नाहीच. इंग्रजीने पिसं उपटलेला हंस घेतला, जर्मननेही तोच, फ्रेंच आणि स्पॅनिशने कोंबडी घेतली, जपानी लोक 'तोरिहादा' म्हणतात म्हणजे पक्ष्याची कातडी. सगळ्यांनी सोललेलं पाखरू घेतलं. आपण मात्र, माझ्या मते, साखरेचा काटा घेतला, किती सुंदर गोष्ट आहे ही, आणि आपण ती टाकून गूजबम्प्स म्हणतो! जपान्यांमध्येही हाच वाद आहे बरं का, तोरिहादा थंडीने आणि भीतीने येते, गाणं ऐकून भारावल्यावर तो शब्द वापरू नये असं तिथले शुद्धतावादी सांगतात आणि तरुण पोरं त्यांचं ऐकत नाहीत. त्यांच्या शब्दाचा इतिहास काय ते त्यांचं ते बघतील, आपल्या शब्दाच्या बाबतीत मात्र शुद्धतावादी सरळसरळ चुकलेत.

संस्कृतातच बघा ना. 'काटा' हा 'कण्टक'वरून आला याबद्दल कुणाचं दुमत नाही, आणि कण्टक म्हणजे उभे राहिलेले रोम हा अर्थ संस्कृतात आधीपासून आहे. रघुवंशाच्या सातव्या सर्गात अज आणि इंदुमतीचं लग्न लागतंय, पाणिग्रहणाचा क्षण आहे, तिथे कालिदास म्हणतो, 'आसीद्वरः कण्टकितप्रकोष्ठः', नवऱ्या मुलाच्या मनगटावर काटा आला, आणि तिच्या बोटांना घाम फुटला. आता सांगा, अज इंदुमतीला घाबरला होता का? कुमारसंभवात सप्तर्षी शंकराला भेटतात तेव्हा त्यांना 'प्रीतिकण्टकितत्वचः' म्हटलंय, प्रेमाने कातडीवर काटा आलेले. प्रेमाने, भीतीने नव्हे. कालिदासाला एक मार्क कमी मिळाला असता.

पण हे सगळं बाजूला ठेवा, मला खरं सांगायचंय ते 'हर्ष' या शब्दाबद्दल, कारण तिथे ही वाटणी मुळापासून कोसळते. रोमांचाला संस्कृतात दुसरा शब्द रोमहर्ष किंवा रोमहर्षण. अमरकोशात दोन्ही शेजारी शेजारी दिलेत, 'रोमाञ्चो रोमहर्षणम्'. लोक याचा अर्थ लावतात की केसांना आनंद झाला म्हणून ते उभे राहिले, काय गोड कल्पना वगैरे. उलटं आहे. 'हृष्' धातूचा जुना अर्थच ताठ होणं, उभं राहणं हा आहे, केस उभे राहणं म्हणजे हर्ष, आणि आनंद हा अर्थ त्यावर नंतर चढला. म्हणजे आपण 'हर्ष झाला' म्हणतो तेव्हा मुळात 'अंगावर काटा आला' एवढंच म्हणत असतो!

आणि याच धातूचा लॅटिनमधला सख्खा भाऊ 'होरेरे', केस उभे राहणं, थरकापणं. त्यापासून आला हॉरर. हर्ष आणि हॉरर एकाच आईची लेकरं आहेत. ज्याला ही जुळणी ओढूनताणून वाटेल त्याने शेजारची जोडी बघावी, आपल्या 'तृष्'चा लॅटिन भाऊ 'टोरेरे', सुकवणं, भाजून काढणं. तृष् तसा टोरेरे, हृष् तसा होरेरे, आपल्याकडे 'ष्' राहिला आणि त्यांच्याकडे तो रकारात मिसळून दुप्पट र झाला (torrere, horrere), अगदी नियमाप्रमाणे. इंग्रजीतला थर्स्ट त्याच तृष् घराण्यातला. वाळवंटी ग्रहावरच्या, पाण्याच्या थेंबाथेंबासाठी तडफडणाऱ्या माणसांच्या पिक्चरवरून प्रश्न आला आणि उत्तरात तृष्णा सापडली, मला तर फार आनंद झाला.

म्हणजे एका घराने तो उभा राहिलेला केस आनंदाकडे नेला, दुसऱ्याने भीतीकडे. शरीराच्या दृष्टीने दोघेही बरोबर, कारण प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो, तो आवळला की केस उभा राहतो आणि भोवतीची कातडी फुगते, आणि त्या स्नायूला जाणाऱ्या नसा थंडीला, भीतीला आणि गाण्याला सारख्याच. त्याला वाक्प्रचारांची यादी माहीत नसते.

गीतेत हे इतकं स्पष्ट आहे की मला कळत नाही लोकांच्या नजरेतून सुटतं कसं. पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो 'वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते', अंग कापतंय, काटा येतोय, आणि इथे आनंदाचा मागमूस नाही, समोर आजोबा आणि गुरू उभे आहेत. अठराव्यात संजय म्हणतो 'संवादमिममश्रौषमद्भुतं रोमहर्षणम्', आणि दोनच श्लोकांनंतर 'हृष्यामि च मुहुर्मुहुः', पुन्हापुन्हा हर्ष होतोय. एकाच ग्रंथाच्या दोन टोकांना तोच शब्द, एकदा भीतीचा, एकदा आनंदाचा. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या शेवटी याच संजयाचं वर्णन केलंय, 'आपादकंचुकित रोमांच आले', डोक्यापासून पायापर्यंत रोमांचांचा अंगरखाच घातला जणू. संजय लढत नाहीये, तो नुसता लांबून बघतोय आणि जे दिसतंय ते दुसऱ्याला सांगतोय, आणि सांगताना त्याच्याच अंगावर काटा येतोय. शेजारी बसलेल्या धृतराष्ट्राला काही म्हणजे काही होत नाही. सिनेमा पाहून आलेल्या प्रत्येकाला असा एक धृतराष्ट्र भेटतोच.

पुराणं सांगणाऱ्या सूताचं नावच मुळी रोमहर्षण किंवा लोमहर्षण, व्यासांचा शिष्य. का, तर तो सांगायला लागला की ऐकणाऱ्यांच्या अंगावर रोम उभे राहायचे, असं पुराणांतच दिलंय. कथा सांगणाऱ्याला श्रोत्यांच्या काट्यावरून नाव मिळालं, याहून मोठी दाद कुठल्या कलावंताला मिळाली असेल?

तसंच हृषीकेशाचं, म्हणजे कृष्णाच्या नावाचं. परंपरेने याची फोड हृषीक अधिक ईश, इंद्रियांचा स्वामी, अशी करतात आणि बहुतेक भाष्यकार तेच गिरवतात. मला ती पटत नाही. हृषी अधिक केश, ज्याचे केस उभे, दाट, तेजाने फुललेले आहेत, अशी फोडही काही संस्कृतज्ञांनी केलीये आणि मला तीच खरी वाटते. शेजारी बघा कोण आहे, गुडाकेश, म्हणजे अर्जुन! त्याचीही अशीच ओढाताण, निद्रेचा स्वामी की दाट केसांचा. रणांगणावर रथात दोन वीर, दोघांच्याही नावात केश ऐकू येतो, आणि आपण दोन्हीकडे ईश शोधत बसतो. इंद्रियांचा स्वामी हा अर्थ भक्तीला सोयीचा आहे, मान्य, पण सोय म्हणजे व्युत्पत्ती नव्हे, कितीही मोठ्या आचार्यांनी सांगितली तरी.

शहाऱ्याचं एक सांगायचं राहिलं. हिंदीतलं सिहरन आणि बंगालीतलं शिहरण हे त्याचे नातेवाईक दिसतात. त्याला 'शीत' शब्दाला बांधून थंडीपुरता ठेवायचा प्रयत्न काहीजण करतात. पण तोही कुणी कानाशी हळू बोललं तरी येतो, त्याला थंडी लागत नाही. फरक करायचाच तर एवढा करा, की शहारा सरसरत जातो, हलतो, आणि काटा जागच्या जागी फुलतो. हा फरक खरा आहे, कानाला जाणवणारा आहे, भीती, थंडी, आनंद हा नाही.

तर वाचकाने लिहिलेलं वाक्य अगदी चोख होतं. पॉल थंपर, म्हणजे ठोक्यांनी किड्याला बोलावणारं यंत्र, रोवून वाळूत वाट बघत बसतो, जमीन हादरायला लागते, तो टेकाडाच्या कडेने पळत सुटतो, पायाखालचं अख्खं टेकाड कोसळतं आणि तो त्या धुळीत किड्याच्या पाठीवर आकडे रुतवून लटकतो, वर संगीतकार हान्स झिमरचं ते संगीत. तिथे मरेल की काय ही भीती आणि जमलं रे जमलं हा आनंद एकाच सेकंदाला असतात. तुमच्या मित्राच्या हिशोबाने तिथे अर्ध्या हातावर काटा आणि अर्ध्यावर रोमांच यायला हवेत. कुठला शब्द वापरायचा मग? काटाच. दोन्ही त्यात मावतं.

माइंडब्लोइंगचं म्हणाल तर भन्नाट आहे की. 'मन उडवणारा' असलं काही तयार करू नका. भन्नाट हा मूळचा वाऱ्याचा शब्द, 'भन्नाट वारा सुटलाय' हे अजून बोलतात, कानात भन्न होतं तो आवाज आणि त्याला खडखडाट, सुळसुळाटातला 'आट', असं मला वाटतं. 'पिक्चर भन्नाट होता' एवढंच लिहा, 'भन्नाटरित्या बनवलेला' मात्र नको.