पासवर्ड भाच्याकडे, लॅपटॉप माझ्याकडे

प्रश्न : भाच्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) घालून दिलं. अपडेटची चौकट सारखी येते आणि त्याचं नाव दाखवून पासवर्ड मागते. माझा चालत नाही. भाचा दुबईला. म्हणतो, “मावशी, पासवर्ड दिला तर तू काहीतरी उडवशील.” त्याच्याशिवाय अपडेट होईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : भाच्याने स्वतःचं खातं ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ ठेवलंय आणि तुमचं ‘स्टँडर्ड’, म्हणजे बदल करायची मुभा फक्त त्याला, म्हणून हे नाटक. पण तुम्हाला वाटतंय तितकं अडलेलं नाही. उबुंटूत अनअटेंडेड-अपग्रेड्स नावाचा एक मुका गडी मुळातच असतो. सुरक्षेची अपडेट्स तो कुणाला न विचारता घालतो. त्याची वेळ सकाळी सहाची. तेव्हा लॅपटॉप बंद असला तर सुरू केल्यावर तासाभरात उरकतो. फायरफॉक्सही आपला आपण नवा होतो. चौकटीत उरतात ती बहुतेक बिनघाईची.

तीही आपोआप हवी असतील तर भाच्याला एकदा पासवर्ड घालावाच लागेल. दिवाळीला आला की सांगा : ‘५०अनअटेंडेड-अपग्रेड्स’ फाइलमध्ये ‘-अपडेट्स’ने संपणाऱ्या ओळीपुढचे दोन तिरके दांडे काढ. त्याला कळेल.

तो कदाचित म्हणेल, त्यापेक्षा सुडोअर्समध्ये (कुणाला कुठले अधिकार, त्या यादीत) तुझ्या नावापुढे ‘नोपासवर्ड’ लिहून टाकतो, म्हणजे पासवर्ड विचारणारच नाही. नको म्हणा. मी आईच्या संगणकावर हेच केलं होतं, फक्त अपग्रेडच्या आज्ञेपुरतं, आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. एके दिवशी अपग्रेडने मध्येच विचारलं, जुनी सेटिंगची फाइल ठेवू की नवी घालू? आईने फोनवर एकेक पर्याय वाचून दाखवला. शेवटचा होता ‘झेड’. तो दाबला की शेल (हव्या त्या आज्ञा टाइप करायची जागा) उघडतं, तेही रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचं! दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. ती ओळ मी त्याच संध्याकाळी काढली.

आता तुमच्या हातातली गोष्ट. लॅपटॉप बॅटरीवर असला तर हा गडी कामाला हातच लावत नाही. तुम्ही चार्ज करून, वायर काढून मगच बसत असाल, तर महिनोन्‌महिने काहीच झालेलं नसेल. सुरू करायच्या आधी चार्जर लावा, आणि तासभर तरी काढू नका.