इंदूर स्वस्त आहे, असं पुण्यात बसून म्हणणाऱ्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतो: पुण्याहून इंदूरला बदली झालीय, पगार ५५ हजार, बरोबर बायको आणि पहिलीतला मुलगा. मध्य प्रदेशात वेगळे कर लागतात का आणि महिन्याला पुण्यापेक्षा किती वाचेल? पहिल्या अर्ध्याचं उत्तर दोन मिनिटांत संपतं. दुसऱ्या अर्ध्यावरून आमच्या घरात दिवाळ्या खराब झाल्यात, त्यामुळे ते जरा लांबेल.

प्राप्तिकर आणि जीएसटी देशभर सारखेच, ते सोडा. पगारातून राज्याचा म्हणून कापला जातो तो व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. इथे वर्षाला चार लाखांच्या वर पगार असेल तर महिन्याला २०८ आणि शेवटच्या महिन्यात २१२. दोन्हीकडे बेरीज २,५०० च होते, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ नेच तेवढी कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे तुम्हाला शून्य फरक. बायको नोकरी करणार असेल तर मात्र एक बारीक गोष्ट आहे. महाराष्ट्रात बाईचा पगार महिना २५ हजारांपर्यंत असेल तर २०२३ पासून हा कर लागत नाही. मध्य प्रदेशात वर्षाला सव्वादोन लाखांपर्यंत माफ, बाई-पुरुष भेद नाही. मी इथे शाळेत लागले तेव्हा पहिल्याच स्लिपवर १२५ कापलेले दिसले.

पगाराच्या स्लिपवर दिसणारं एवढंच. बाकीचं पंपावर आणि घरमालकाच्या दिवाणखान्यात कळतं.

पंपावरचं आधी. मध्य प्रदेशात पेट्रोलवर २९ टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये, वर १ टक्का उपकर. त्यामुळे इंदूरला पेट्रोल पुण्यापेक्षा लिटरमागे दोन-तीन रुपये महाग पडतं. तुमची कंपनी पीथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत असेल आणि बस नसेल, तर गाडीने रोज जायचा विचार करण्याआधी हा आकडा समोर ठेवा.

आता वीज. इथे मी थांबणार नाही, कारण हा विषय माझा आहे.

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा इंदूरच्या सुदामा नगरमध्ये वरच्या मजल्यावर घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची, भाडं बारा हजार. सिंहगड रोडला एवढ्यात एक खोली मिळाली नसती, हे मान्य. घरमालक काका मराठीच, आजोबा-पणजोबांपासून इंदूरचे. 'बेटा, लाइटचं टेन्शन नको घेऊस, सब-मीटर लावलेलं आहे, दहा रुपये युनिट, सीधा हिसाब.' सीधा हिसाब म्हटलं की माझे कान टवकारतात.

मध्य प्रदेशात एक योजना आहे. कमलनाथ सरकारने आणली तेव्हा तिचं नाव इंदिरा गृह ज्योती, आता अटल गृह ज्योती. नाव सरकारबरोबर बदलतं, नियम तोच. महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत, वरच्या युनिटांना नेहमीचा दर. आणि १५० ओलांडलं की सवलत पूर्ण जाते, अगदी पहिल्या युनिटापासून. हिशेब दिवसाला ५ युनिट असा धरतात. तुमच्या महावितरणच्या टप्प्यांची सवय झालेल्या डोक्याला हे आधी पटत नाही, कारण तिथे वरचा टप्पा महाग होतो पण खालचा जागेवर राहतो. इथे एका युनिटाने शेकडो रुपयांची उडी बसते.

आमचा वापर १३० च्या आसपास. म्हणजे आम्ही सवलतीत बसणारे. पण मीटर एकच, काकांच्या नावावर, आणि काका-काकूंचा वापर २१० च्या पुढेमागे. दोन्ही मिळून ३४०. सवलत गेली, शिवाय बिल वरच्या टप्प्यात. मी काकांकडून बिल मागून घेतलं, कागद-पेन घेऊन बसले. एकूण बिल तीन हजारांच्या आसपास. त्यातले मी देत होते १,३००. काकांना स्वतःला युनिट पडत होतं साधारण पावणेनऊला, म्हणजे माझ्यामागे त्यांची कमाई दीडशेच्या आसपास. माझं मीटर वेगळं असतं तर मला बिल आलं असतं तीन-चारशे. म्हणजे मी दरमहा नऊशेचा भुर्दंड भरत होते आणि त्यातले काकांच्या हातात दीडशे पडत होते. बाकीचे कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. ही गोष्ट मला लुटण्यापेक्षा जास्त लागली. लुटलं असतं तर निदान कुणाचं तरी भलं झालं असतं.

काकांचं म्हणणं, घर माझं, मीटर माझं, वेगळं मीटर दिलं की भाडेकरू घरावर हक्क सांगतो. विजेच्या बिलाने घर कुणाच्या नावावर होत नाही, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं नव्हतं.

इथे आणखी एक धागा आला. एका रविवारी काका वर आले आणि म्हणाले, 'निगमवाले कुणी आले ना बेटा, तर सांगायचं, भाची आहे, राहायला आलीये.' निगम म्हणजे इथली महापालिका. कारण असं की तिच्या संपत्तिकरात मालक स्वतः राहत असेल तर ५० टक्के सूट मिळते. भाड्याने दिलेल्या भागाला ती मिळत नाही. काकांनी पूर्ण घर स्वतःच्या वापरात दाखवलेलं. मी म्हटलं, 'काका, भाचीला कुणी दहा रुपये युनिट लावतं का?'

काकू दारात उभ्या होत्या. त्या इतक्या हसल्या की काकांना खाली जाणं भाग पडलं.

मग मी काकूंशी बोलले. (घरमालकांशी व्यवहार करायचा तर काकूंशी करा, हा सल्ला कुठल्याही राज्यात चालेल.) मीटर वेगळं झालं तर तुमचं एकट्याचं बिल खालच्या टप्प्यात येईल, तुमचा तोटा जेमतेम शंभर रुपयांचा. मी भाड्यात दोनशे वाढवून देते. मीटरचा खर्च माझा. आणि निगमवाले आले तर मी खोटं बोलणार नाही, पण माझ्याकडून त्यांच्याकडे जाणारही नाही. काकूंनी कागद नीट वाचला, चष्मा लावून. पुढच्या आठवड्यात काकांनी संमतिपत्र सही करून दिलं. भाडेकरार, ओळखपत्र, संमतिपत्र देऊन नवऱ्याच्या नावाने जोडणी झाली. पहिलं बिल आलं ३६० रुपये.

आणि इथे माझ्या नवऱ्याने त्या बिलाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाने.

धाकटे दीर पुण्यात असतात, कोथरूडला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. सासूबाई त्यांच्याकडे. गुडघ्यांमुळे त्यांच्यासाठी दिवसाची बाई ठेवलीये, औषधं आहेत, फिजिओथेरपी आहे. खर्च निम्मा-निम्मा ठरलेला. त्या दिवाळीत फराळाच्या ताटावर भाऊजींनी फोन पुढे केला. 'वहिनी, तीनशे साठ रुपये लाइट बिल! आमचं अडीच हजार येतं. तुमच्याकडे पोहे-जिलबीवर सकाळ निघते. आपण साठ-चाळीस करू या का आईचं?' साठ आमचे, हे सांगायला नको.

मला पोह्यांबद्दल काही म्हणायचं नाही. इंदूरचे पोहे खरंच स्वस्त आहेत आणि चांगले आहेत, वर सेव आणि जीरावण मसाला टाकून पुणेकरांनी एकदा खावेत. पण संसार पोह्यांवर चालत नाही. आणि ते तीनशे साठचं बिल इंदूरने दिलेलं नव्हतं, मी कागद-पेन घेऊन मिळवलं होतं.

तेव्हा मी जे भाऊजींना सांगितलं तेच तुम्हाला सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यातच आहे. भाड्यात पुण्यापेक्षा आठ-दहा हजार वाचतात, बरोबर. भाजी, दूध, नाश्ता, कामवाली बाई, इथेही हजार-दोन हजार वाचतात. पण पुण्यात मला २८ हजारांची नोकरी होती. इथे हिंदी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांच्या शाळा हिंडले, अनुभव असून नव्याने सुरुवात करावी लागली, आणि सुरुवात १९ वर झाली. हे नऊ हजार कुठल्याही 'राहणीमान खर्च' वाल्या तक्त्यात सापडत नाहीत. म्हणजे भाड्यात मिळवलं ते माझ्या पगारात गेलं. शिवाय मुलाची नवी प्रवेश फी. शिवाय दिवाळीला खासगी बसचं तिकीट, जे त्या आठवड्यात विमानाशी स्पर्धा करतं. शिवाय भाऊजींचा हप्ता त्यांच्याच घरात जिरतो आणि ते घर वाढत्या किमतीचं आहे. माझं भाडं काकांच्या खिशात जातं.

भाऊजी म्हणाले, 'पण पोहे?'

असो. तुमच्या बायकोची पुण्यात नोकरी आहे का, हे तुम्ही प्रश्नात लिहिलंच नाहीत. ती असेल तर आधी तो आकडा मांडा, मग भाडी बघा.

गाडीचं राहिलंच. एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम ४७. त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र. इथला रस्ता कर भरायचा आणि महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या कराचा उरलेला भाग तिकडून परत मागायचा. भरायचं आधी, परत मिळायचं नंतर, त्यामुळे तेवढे पैसे बाजूला ठेवा. गाडी जुनी असेल तर माझं स्पष्ट मत: पुण्यात विका, इथे एमपी पासिंगची घ्या. नवी घेणार असाल आणि तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर देशभर चालणारा बीएच नंबर घ्या. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो, पुढच्या बदलीला हा खटाटोप नाही.

मुलाच्या शाळेसाठी समग्र आयडी, म्हणजे इथल्या राज्य सरकारचा ओळख क्रमांक, काढून ठेवा. महाराष्ट्रात असलं काही नाही म्हणून आपल्याला माहीत नसतं. कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. शाळा मागते, शिष्यवृत्ती मागते, कुठलंही सरकारी काम मागतं. आधारवर इथला पत्ता झाला की हे सोपं जातं.

पाणी नर्मदेचं, थेट जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंप करून आणलेलं, बहुतेक भागात एक दिवसाआड. घर बघताना खालच्या टाकीचा आकार बघा आणि बोअरिंग आहे का ते विचारा. बायपासकडच्या नव्या वसाहतींमध्ये उन्हाळ्यात टँकरचा खर्च कुणाचा, हे करारात लिहून घ्या. कचऱ्याचं शुल्क निगम वेगळं घेतं, ते काही मालक भाडेकरूकडून घेतात. रक्कम छोटी आहे, भांडू नका. कचरा मात्र वेगवेगळा करूनच द्यावा लागतो. स्वच्छतेत २०१७ पासून सलग देशात पहिला नंबर उगाच आला नाही, आणि गाडीवाला एकत्र केलेला डबा सरळ परत देतो.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. विजेचे दर दरवर्षी बदलतात, माझे आकडे आमच्या घराचे आहेत. घरी एसी असेल तर एप्रिल ते जून १५० युनिटांचा विषयच काढू नका. माळव्याच्या रात्री थंड असतात म्हणतात, मे महिन्यात ते काकांच्या पत्र्याच्या गच्चीखाली येऊन म्हणावं. वेगळं मीटरही तेव्हाच, जेव्हा तुमचं स्वयंपाकघर वेगळं असेल. एकाच कुटुंबाने सवलतीसाठी दोन मीटर लावणं ही लबाडी आहे आणि पकडली जाते. आणि घरमालकाशी बोलणं भाडं ठरायच्या आधी करा, नंतर तुमच्या हातात काही उरत नाही.

५५ हजारांत तुमचं भागेल का? भागेल. बायकोचा पगार पुण्यात नसेल तर सात-आठ हजार वाचतीलही. पुण्यात आई-वडील आणि भाऊ असतील तर त्यांचा खर्च कुणी किती द्यायचा हे इकडे येण्यापूर्वी, सगळ्यांच्या स्लिपा समोर ठेवून, लिहून घ्या. आणि लाइटचं बिल ग्रुपवर टाकू नका. आमचं निम्मं-निम्मंच राहिलं, पण भाऊजी अजून दर महिन्याला विचारतात, या वेळी किती आलं.